फोटोतला नासका आंबा

२०२५ च्या मे महिन्यात आमच्या आंब्याच्या धंद्यात एक प्रकार घडला. तो जसा झाला तसा सांगते. घरून फराळ, लोणची, साड्या, रोपं असं काहीही विकणाऱ्या आणि व्हॉट्सॲपवर ऑर्डरी घेणाऱ्या कुणावरही ही वेळ येऊ शकते.

माझं माहेर रत्नागिरीजवळ पावसला. दादाची हापूसची बाग आहे, फार मोठी नाही. मी पुण्यात असते. सीझनला दादा रात्रीच्या टेम्पोने बॉक्स पाठवतो. पहाटे ते उतरवून घ्यायचे, पार्किंगमध्ये लावायचे आणि दिवसभरात घरोघर पोचवायचे, हे काम माझं आणि ह्यांचं. गिऱ्हाईक बहुतेक ओळखीतलं, नाहीतर ओळखीच्यांच्या ओळखीतलं. पैसे यूपीआयवर. आंबा शेवटी फळ आहे. बॉक्समध्ये एखाददुसरा खराब निघतोच. तसं झालं की गिऱ्हाइकाने फोटो पाठवायचा आणि मी तेवढे पैसे परत करायचे किंवा पुढच्या बॉक्समध्ये तेवढी फळं वाढवून द्यायची. याबद्दल कधी कुणाशी वाद झाला नव्हता.

तक्रारीचा प्रत्येक फोटो मी दादाला पाठवते. पैशांसाठी नाही. माल कुठल्या तोडणीचा, वाटेत मार लागला की झाडावरच करपा होता, हे त्याला कळायला हवं असतं. हा रिवाज होता म्हणून पुढचं सगळं निभावलं.

अक्षय्य तृतीया होऊन गेली होती. मागणी जोरात होती. एका नव्या गिऱ्हाइकाला दोन डझनांचा बॉक्स दिला होता, १,८०० रुपयांचा. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांचा फोटो आला. वरच्या थरातल्या बारापैकी नऊ फळांवर बुरशी. खाली मजकूर: 'निम्म्याहून जास्त माल सडका. पूर्ण पैसे परत करा, नाहीतर लोकांना सांगावं लागेल.'

पोटात गोळा आला. पहाटे मीच तो बॉक्स उघडून बघितला होता आणि तेव्हा तर सगळं ठीक होतं. तरी वाटलं, उन्हात कुठे पडून राहिला असेल. माफीचा मेसेज लिहायला घेतला आणि सवयीने फोटो दादाला पाठवला. त्याचा लगेच फोन आला.

"अगो, हा आंबा आपला नाही. आपला काय, कुणाचाच नाही."

मग त्याने फोनवर मला एकेक गोष्ट बघायला लावली. हापूस सडतो तो बहुतेक देठापासून. देठाभोवती आधी काळपट कडं येतं, ते हळूहळू खाली उतरतं आणि बोट लावलं की तिथे खड्डा पडतो. ही देठकूज. करप्याचे डाग वेगळे. ते बारीक, काळे असतात आणि फळ पिकेल तसे वाढून एकमेकांत मिसळतात. फळमाशी लागली असेल तर सुईएवढं भोक असतं आणि त्याच्या भोवतीचा भाग मऊ होतो. मार लागलेलं फळ एका अंगाने दबतं. साका तर बाहेरून दिसतच नाही. फळ कापल्यावर आतला गर पांढरट आणि भुसभुशीत निघतो तेव्हाच तो कळतो. गिऱ्हाईक सर्वांत जास्त चिडतं ते साक्यावर, कारण वरून फळ अगदी देखणं असतं.

या फोटोत यातलं काहीच नव्हतं. प्रत्येक फळाच्या पोटावर, बरोब्बर मधोमध, ब्रेडवर येते तशा पांढऱ्या केसाळ बुरशीचा एक गोल होता. गोलाबाहेरची साल मात्र ताणलेली आणि चकचकीत होती. देठ कोरडे ठणठणीत. एवढी बुरशी आलेल्या आंब्याला सुरकुत्या पडतात, पाणी सुटतं, खालचा पेंढा ओला होतो. इथला पेंढा अगदी कोरडा दिसत होता. आणि नऊच्या नऊ फळं एकाच तऱ्हेने सडलेली. "असं कधी होत नाही," दादा म्हणाला. "शेजारी शेजारी ठेवलेली दोन फळंसुद्धा एकसारखी सडत नाहीत."

तोवर लेक कॉलेजातून आली होती. तिने फोटो मोठा करून बघितला. आमच्या बॉक्सच्या झाकणाला आतून बागेच्या नावाचा शिक्का असतो. तो फोटोत होता. शिरोरेषा व्यवस्थित होती आणि तिच्याखाली काना, वेलांटीसारखं काहीबाही लोंबत होतं. दुरून मराठी वाटावं, पण वाचायला जावं तर एकही धड अक्षर नाही. लेक म्हणाली, "आई, हा एआयने केलेला आहे."

त्या मार्चमध्येच सगळ्यांनी स्वतःचे फोटो जिब्ली कार्टूनसारखे करून डीपीला लावले होते. आमच्या भिशीतल्या बायकांनीसुद्धा. तेव्हा ती मजा वाटली होती. तेच साधन चांगल्या आंब्यावर बुरशीही चढवून देतं, हे काही माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

पण वाटणं वेगळं आणि दाखवून देता येणं वेगळं. व्हॉट्सॲपवर फोटो दाबला जातो, खऱ्या फोटोतलीही बारीक अक्षरं त्यात फिस्कटतात. हल्लीचे फोन स्वतःच फोटो 'सुधारतात', सालीचा पोत बदलून टाकतात. नुसत्या अक्षरांवरून एखाद्याला तोंडावर खोटं म्हणणं बरं नाही. हे म्हणाले, आरोप करू नकोस, फक्त पुरावा माग. मला ते पटलं.

मी त्यांना अगदी नेहमीच्या सुरात लिहिलं. 'झाल्याबद्दल वाईट वाटलं. पैसे नक्की परत करू. फक्त तीन गोष्टी करा. फळं हातात घेऊन, फिरवून एक छोटा व्हिडिओ पाठवा. हाच फोटो व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, म्हणजे दादाला नीट मोठा करून बघता येईल. आणि फळं टाकू नका, संध्याकाळी माणूस येऊन बॉक्स घेऊन जाईल.'

खरी तक्रार असलेल्या माणसाला यातलं काहीच जड नसतं. उलट सडका बॉक्स घरातून गेला तर त्यालाच बरं वाटतं. या गिऱ्हाइकाचं उत्तर आलं की फळं कचऱ्याच्या गाडीत गेली, व्हिडिओ काढायला वेळ नाही. फोटो तेवढा डॉक्युमेंट म्हणून पाठवला. तो का पाठवला हे मला आजही कळलेलं नाही. त्यातून काय कळतं याची त्यांना कल्पना नसावी.

लेकीने ती फाइल कॉम्प्युटरवर उघडली. फोनने काढलेल्या फोटोच्या फाइलमध्ये सहसा फोनचं मॉडेल, तारीख, वेळ अशी नोंद असते. इथे ती नव्हती. माप होतं १०२४ बाय १५३६. आमच्या साध्या फोनचाही फोटो तीन हजार बाय चार हजारच्या आसपास असतो. मग तिने आणखी एक गोष्ट दाखवली. काही कंपन्या आपल्या साधनातून निघालेल्या चित्राच्या फाइलमध्येच ते कुठून आलं याची नोंद ठेवतात. तिला कंटेंट क्रेडेन्शियल्स म्हणतात. ती वाचून दाखवणारी मोफत वेबसाइट आहे. फोटो नेहमीसारखा पाठवला किंवा स्क्रीनशॉट काढला तर ही नोंद सहसा पुसली जाते. डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर फाइल आहे तशी येते. आमच्या फाइलवर ती नोंद होती. चित्र एआय साधनातून निघालं होतं.

याउलट फोटो खरा की खोटा ते सांगू म्हणणाऱ्या ज्या मोफत वेबसाइट आहेत, त्यांचा काही उपयोग झाला नाही. एकीने बनावट सांगितला, दुसरीने खरा. लेकीने मग दादाने बागेत काढलेला एक खरा फोटो टाकून बघितला, तोही बनावट ठरला. अशा वेबसाइट देतात त्या टक्क्यांवर मी तरी कुणाला चोर म्हणणार नाही. आणि आपल्या घरातल्या माणसांचे फोटो तर अशा अनोळखी ठिकाणी चढवूच नयेत.

खरा उलगडा वेगळ्याच गोष्टीने झाला. मला राहून राहून तो पेंढा ओळखीचा वाटत होता. फोटोच्या डाव्या कोपऱ्यात काथ्याच्या पायपुसण्याची कड दिसत होती. तसलं पायपुसणं माहेरी पडवीत आहे. पुण्यात त्या गिऱ्हाइकाच्या घरी तेच कसं असेल? मी माझ्या फोनमधले एप्रिलचे फोटो काढले. सीझनच्या सुरुवातीला वहिनीने पडवीत बॉक्स उघडा ठेवून फोटो काढला होता आणि मी तो स्टेटसला आणि ऑर्डरीच्या मेसेजमध्ये लावला होता. दोन्ही फोटो शेजारी शेजारी ठेवले. तीच बारा फळं, त्याच क्रमाने. तिसऱ्या फळाचा देठ किंचित लांब राहिलेला, तो तिथेही लांब. झाकणाबाहेर आलेली पेंढ्याची काडी तीच, त्याच कोनात. म्हणजे त्यांनी आमच्या बॉक्सचा फोटो काढलाच नव्हता. आमच्याच जाहिरातीच्या फोटोवर बुरशी चढवून तो आम्हालाच पाठवला होता.

मला राग आला त्याहून जास्त हसू आलं. ते हसू संध्याकाळपर्यंतच टिकलं.

मी त्यांना दोन्ही फोटो पाठवले. सोबत एकच वाक्य लिहिलं: 'हा फोटो आमच्या एप्रिलच्या फोटोवरून तयार केलेला दिसतो, त्यामुळे पैसे परत करता येणार नाहीत.' शिवी नाही, धमकी नाही. त्यांनी मला ब्लॉक केलं. विषय संपला असं मला वाटलं.

रात्री जेवताना मैत्रिणीचा फोन आला. आमच्या भागातला खाण्यापिण्याचा एक मोठा ऑनलाइन गट आहे. त्यात हजारो माणसं आहेत. तिथे तो फोटो, माझं नाव, माझा फोन नंबर आणि वर मजकूर: कार्बाइड लावलेला सडका आंबा, सावध राहा. कार्बाइड घालून फळं पिकवायला आपल्याकडे बंदी आहे. इथिलीन वायू ठरावीक प्रमाणात चालतो. दादा दोन्ही वापरत नाही, पेंढ्यात अढी घालतो. पण हे सगळं कोण वाचत बसणार? कार्बाइड म्हटलं की विश्वास उडालाच.

फोन सुरू झाले. काही जुन्या गिऱ्हाइकांनी काळजीने विचारलं. अनोळखी लोकांनी मात्र वाट्टेल ते ऐकवलं. एक बाई म्हणाल्या, लहान मुलांच्या तोंडात विष घालता, लाज वाटते का. मी फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात जाऊन रडले. दुसऱ्या दिवशीचे बॉक्स टेम्पोत चढले होते आणि ऑर्डरी रद्द व्हायला लागल्या होत्या.

दादाला कळवलं. तो थोडा वेळ काही बोललाच नाही. मग म्हणाला, "सचिनला सोडलं नाही त्यांनी, आपण कोण?" जानेवारी २०२४ मध्ये सचिन तेंडुलकरचा एका गेमिंग ॲपची जाहिरात करणारा बनावट व्हिडिओ फिरला होता. त्याने स्वतःच तो खोटा असल्याचं जाहीर केलं आणि मुंबईत गुन्हाही दाखल झाला. दादाचं वाक्य धीर द्यायला होतं. पण सचिनने सांगितलं तर सगळा देश ऐकतो. आमचं कोण ऐकणार, हा प्रश्न होताच.

त्या रात्री लेकीने मला त्या पोस्टखाली उत्तर लिहू दिलं नाही. तिचं म्हणणं होतं, आधी पुरावा, मग बोलणं. पोस्ट कधीही उडवली जाईल, मग हातात काहीच राहणार नाही. तिने पोस्टचे स्क्रीनशॉट काढले. त्यात गटाचं नाव, टाकणाऱ्याचं प्रोफाइल, तारीख आणि वेळ दिसेल असं बघितलं. पोस्टची लिंक वेगळी लिहून ठेवली. गट उघडण्यापासून पोस्टपर्यंत जाण्याचं स्क्रीन रेकॉर्डिंग केलं. माझ्या फोनमधलं त्यांच्याबरोबरचं चॅट तसंच ठेवलं आणि त्याची प्रत माझ्या ईमेलवर टाकली. डॉक्युमेंट म्हणून आलेली मूळ फाइल नाव न बदलता पेन ड्राइव्हवर घेतली. हे पुढे फार कामाला आलं.

त्याच वेळी आमच्या नातेवाइकांनी वेगळाच घोळ घातला. प्रेमाने घातला, पण घातलाच. आत्या, मावसभाऊ, नणंदा सगळे तो फोटो 'हे खोटं आहे, विश्वास ठेवू नका' असं लिहून पुढे ढकलायला लागले. सकाळपर्यंत तो अशा माणसांपर्यंत गेला होता, ज्यांनी मूळ पोस्ट बघितलीच नव्हती. फोटो आधी दिसतो, वरचं वाक्य कुणी वाचत नाही. मी एकेकाला फोन करून सांगितलं की तो फोटो कुठल्याही निमित्ताने पाठवू नका. आत्याला वाईट वाटलं. नंतर तिला समजावलं.

सकाळी मी तीन कामं केली. पहिलं, तो गट ज्या सोशल मीडिया कंपनीचा, तिच्या ॲपमधूनच पोस्टवर तक्रार केली. त्यावर 'नियमांचा भंग आढळला नाही' असं ठरीव उत्तर आलं. पण प्रत्येक मोठ्या सोशल मीडिया कंपनीला भारतात तक्रार अधिकारी नेमावा लागतो, हे लेकीने २०२१ च्या आयटी नियमांत शोधून काढलं. त्या अधिकाऱ्याला आम्ही वेगळा ईमेल केला, दोन्ही फोटो जोडून. त्याची पोच चोवीस तासांत द्यावीच लागते. उत्तर पटलं नाही तर २०२३ पासून केंद्र सरकारच्या तक्रार अपील समितीकडे तीस दिवसांत ऑनलाइन अपील करता येतं. आमच्यावर तिथवर जायची वेळ आली नाही.

दुसरं, गटाचे ॲडमिन शोधले. ओळखीतून नंबर मिळाला. त्यांना फोटो शेजारी शेजारी ठेवून पाठवले आणि देठ, काडी, पायपुसणं यांवर लाल गोल केले. आधी ते म्हणाले, आम्ही दोन्ही बाजूंचं मत ठेवतो. मी म्हटलं, मत ठेवा, फोटो आणि नंबर काढा. दुपारपर्यंत पोस्ट गेली.

तिसरं म्हणजे, माझ्या गिऱ्हाइकांच्या यादीवर मी एकच मेसेज पाठवला. त्यात वहिनीचा एप्रिलचा खरा फोटो आणि दादाचा बागेतून काढलेला व्हिडिओ होता. व्हिडिओत त्याने अढीतून चार फळं उचलून कापून दाखवली होती. त्यातल्या एकात साका निघाला. ते त्याने व्हिडिओतून काढून टाकलं नाही, दाखवलं, आणि म्हणाला, हे असं होतं, असं झालं तर आम्हाला कळवा. बनावट फोटो आम्ही त्यात टाकला नाही, तो पाठवणाऱ्या गृहस्थांचं नावही लिहिलं नाही. माझ्या मते सगळ्यात जास्त काम त्या साक्याने केलं. लोकांचे 'आम्हाला बॉक्स हवाच' असे मेसेज आले. तरी त्या आठवड्यात निम्मा माल मंडईतल्या व्यापाऱ्याला मिळेल त्या भावात द्यावा लागला.

पोलिसांकडे जावं की नाही, यावर घरात वाद झाला. हे म्हणत होते, अठराशे रुपयांसाठी कुठे ठाण्याच्या पायऱ्या झिजवायच्या. पण माझा नंबर अजून कुठे कुठे फिरत होता. मी १९३० ला फोन लावला. तो मुख्यतः पैशांच्या ऑनलाइन फसवणुकीसाठी आहे. खात्यातून पैसे गेले असतील तर पहिल्या तासातच तो लावावा, म्हणजे रक्कम पुढे जाण्याआधी गोठवता येते. माझे पैसे गेले नव्हते. मग राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर, म्हणजे सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन वर, इतर सायबर गुन्ह्यांखाली तक्रार भरली, तिचा क्रमांक मिळाला, तो घेऊन सायबर पोलीस ठाण्यात गेले.

तिथल्या महिला अधिकाऱ्यांनी नीट ऐकून घेतलं. त्यांनी सांगितलं की बदनामी हा अदखलपात्र गुन्हा आहे, त्यासाठी कोर्टात जावं लागतं. बनावट फोटो दाखवून पैसे मागणं मात्र फसवणुकीच्या प्रयत्नात बसू शकतं, त्यासाठी लेखी अर्ज द्या. जुलै २०२४ पासून नवे कायदे लागू झालेत. इलेक्ट्रॉनिक पुरावा कोर्टात द्यायचा तर भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र लागतं, म्हणून फोन बदलू नका, चॅट पुसू नका, मूळ फाइल जपा. लेकीने पेन ड्राइव्ह पुढे केला तेव्हा त्या म्हणाल्या, "लोक आधी रागाने सगळं डिलीट करतात आणि मग येतात."

आमच्या आधी तिथे एक बाप आणि त्याची कॉलेजातली मुलगी बसली होती. मुलीने ओढणीने तोंड झाकलं होतं. काय झालं असेल ते विचारावं लागलं नाही. तिच्या सोशल मीडियावरच्या साध्या फोटोवरून कुणीतरी घाण चित्र तयार केलं होतं. बाप सारखा म्हणत होता, हिने फोटो टाकलेच कशाला. अधिकारीबाईंनी त्याला तिथल्या तिथे गप्प केलं. म्हणाल्या, चोरी झाली तर घरात सामान ठेवलंच कशाला असं विचारता का?

माझ्या आंब्याचं नुकसान पैशांत मोजता येत होतं. त्या मुलीचं काय मोजणार? घरी येऊन त्याबद्दल जे शोधलं, तेही इथे लिहिते, कुणाला तरी लागेल. महिला आणि मुलांवरच्या अशा गुन्ह्यांची तक्रार त्या पोर्टलवर नाव न देताही करता येते. हद्द कुठलीही असो, कुठल्याही पोलीस ठाण्याला गुन्हा नोंदवून घ्यावा लागतो, त्याला झिरो एफआयआर म्हणतात. नग्न किंवा तसं दाखवणारं चित्र असेल, बनवलेलं असलं तरी, तर पीडित व्यक्तीने किंवा तिच्या वतीने कुणी तक्रार केल्यावर कंपनीला ते चोवीस तासांत काढावं लागे. फेब्रुवारी २०२६ च्या दुरुस्तीने ही मुदत आणखी कमी झाली. स्टॉपएनसीआयआय डॉट ऑर्ग नावाची एक मोफत सोय आहे. तिथे चित्र द्यावं लागत नाही. आपल्याच फोनवर त्या चित्राचा आकड्यांतला ठसा तयार होतो, तेवढाच जातो, आणि सहभागी कंपन्या तो जुळणारं चित्र अडवतात. ती अठरा वर्षांवरच्यांसाठी. त्याखालच्या मुलांसाठी 'टेक इट डाउन' ही वेगळी सोय आहे. लहान मुलांचं तसं चित्र मात्र पुरावा म्हणूनही कुणाला पाठवू नये. त्याची लिंक पोलिसांना द्यावी. पैसे मागणाऱ्याला पैसे देऊ नयेत. दिले की मागणी थांबत नाही, वाढते.

आमच्या अर्जाचं पुढे काय झालं? ठाण्यातून त्या गृहस्थांना फोन गेला. नंतर त्यांनी गटावर दोन ओळींत लिहिलं की तो फोटो चुकीचा होता. माफी वगैरे नाही. बदनामीसाठी आम्ही कोर्टात गेलो नाही. सीझन संपत आला होता आणि पावसाआधी बागेची कामं होती.

त्यानंतरचे काही दिवस माझाच स्वभाव बिघडला होता. प्रत्येक तक्रारीत खोट दिसायची. एका आजींचा फोटो आला, फळं अशी गुळगुळीत, चकचकीत की लेक म्हणाली हाही तसलाच. बॉक्स परत आणवला. सहा फळं खरंच देठाने गेलेली होती. त्यांच्या नातवाच्या फोनमध्ये फोटो सुंदर करणारं काहीतरी चालू होतं, एवढंच. आजींना दुसरा बॉक्स पाठवला. फळ समोर असल्याशिवाय निकाल द्यायचा नाही, हे आम्ही तेव्हापासून ठरवलं.

आता प्रत्येक बॉक्सच्या झाकणाला आतून एक चिठ्ठी लावतो. तिच्यावर वहिनी शाईच्या पेनाने तारीख आणि अनुक्रम लिहिते. तिचं अक्षर असं आहे की त्याची नक्कल माणसालाही जमणार नाही. तक्रार असेल तर चिठ्ठी दिसेल असा फोटो किंवा व्हिडिओ कॉल, आणि फळं ठेवून द्यायची. ज्यांना फोन वापरता येत नाही त्यांच्या घरी आम्हीच जातो. जाहिरातीच्या फोटोवर बागेचं नाव कोपऱ्यात न घालता मधोमध, फळांवरून घालतो. कोपऱ्यातलं कुणीही कापून टाकतं. मूळ फोटो एका वेगळ्या फोल्डरमध्ये तारखेसकट ठेवतो.

एआयची साधनं मात्र दर महिन्याला बदलतात. बनावट फोटो ओळखायला माणसाची बोटं मोजा, असं पूर्वी सांगायचे. आता बोटं बरोबर येतात, देवनागरी अक्षरंही सुधारत चाललीत. गूगलच्या साधनातून निघालेल्या चित्रात डोळ्यांना न दिसणारी खूण असते, ती जेमिनी ॲपमध्ये विचारून तपासता येते. पण सगळ्याच साधनांच्या चित्रांत ती खूण नसते. ती सापडली नाही म्हणून फोटो खरा, असं होत नाही. एआयच्या चित्रांवर तसं लेबल हवं, हाही नियम आता झालाय. ज्याला फसवायचंच आहे तो लेबल कापेल. म्हणून मी अजूनही आधी दादालाच फोटो पाठवते. साडीचा फोटो असेल तर साडीवाल्याला दाखवावा, दागिन्याचा असेल तर सोनाराला. ज्याच्या हातात ती वस्तू रोज असते त्याला काय खटकतं ते आधी ऐकावं, ॲप नंतर.

शेवटी एक विनंती, गटांच्या ॲडमिन मंडळींना. आमच्या प्रकरणात पोस्ट मंजूर करताना कुणी मला एक फोन केला असता, तर ती आलीच नसती. नंबर त्या पोस्टमध्येच लिहिलेला होता. कुणाच्या नावानंबरासकट फोटो आला तर मंजूर करण्याआधी त्या नंबरावर फोन करा आणि फोटो टाकणाऱ्याकडे मूळ फाइल मागा.